सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

चार अंकांची कोणतीही एक संख्या कागदावर लिहावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. मग तेच अंक मोठ्याकडून लहानाकडे, म्हणजे उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या करावी. चढत्या क्रमाने मांडून दुसरी करावी. आणि मोठीतून लहान वजा करावी. जी बाकी उरेल तिच्या अंकांवर पुन्हा हाच संस्कार करावा, आणि असे करीत राहावे. ज्यास वजाबाकी येते त्या कोणासही हा उद्योग जमेल. गणिताच्या नावाने ज्यांच्या पोटात गोळा उठतो त्यांनाही.

उदाहरणादाखल १९४७ हे साल घेऊ. ९७४१ मधून १४७९ वजा केले की ८२६२ उरतात. ८६२२ वजा २२६८, बाकी ६३५४. ६५४३ वजा ३४५६, बाकी ३०८७. येथे शून्य आले म्हणून बिचकण्याचे कारण नाही. शून्यालाही एक अंक मानून त्याची जागा राखावयाची. ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आता पुढे जाऊ. ७६४१ वजा १४६७, बाकी पुन्हा ६१७४. पुढे कितीही वेळा वजाबाकी करा, तेच उत्तर येत राहील. गाडी शेवटच्या स्थानकात शिरली.

१९४७ ची ही काही खास पुण्याई नव्हे. १९६० घ्या: ९४४१, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. वाचकांनी आपले जन्मसाल घ्यावे, घराचा क्रमांक चार अंकी असल्यास तो घ्यावा, मुक्काम एकच. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, सारख्या अंकांच्या वगळून, अशा ९९९० संख्या होतात. त्यांतली एकही चुकत नाही, आणि सातपेक्षा अधिक वजाबाक्या कोणालाच लागत नाहीत.

हा शोध लावला तो देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, तेथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले, आणि १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते बाहेर पडले. पुढचे उच्च शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवीत होते. ६१७४ ची हकीकत त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत सांगितली, आणि १९५५ साली ती अमेरिकेतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात छापून आली. आज जगभर या संख्येस कापरेकर स्थिरांक म्हणतात. त्यांचेच जन्मसाल घेऊन पाहिले तर १९०५ ला ६१७४ गाठण्यासाठी सातच्या सात पायऱ्या लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. यात गूढ काही नाही. ९९९० पैकी २१८४ संख्यांना सात पायऱ्या लागतातच. तरी गंमत ती गंमत.

येथवर जे सांगितले ते चहाच्या टेबलावर सांगण्यासारखे आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते तेवढ्यावरच थांबते. ऐकणारा 'वा!' म्हणतो आणि विसरतो. आमच्या मते खरा प्रश्न येथे सुरू होतो. असे का होते? आणि होते हे खरे असले, तरी त्याला गणित म्हणावे काय?

दुसरा प्रश्न आमचा नव्हे. केंब्रिजचे थोर गणिती जी. एच. हार्डी यांनी तो फार धारदारपणे मांडून ठेवला आहे. आपल्या रामानुजनांचे मोल ज्याने पहिल्या पत्रात ओळखले तोच हा मनुष्य. १९४० साली त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या व्यवसायाची कैफियत देणारे एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात ते दोन नमुने देतात. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या अशा आहेत की त्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत असतात: २१७८ ची चौपट ८७१२, आणि १०८९ ची नऊपट ९८०१. तसेच १ सोडल्यास १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या चारच संख्या आपापल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या असतात. हार्डी यांचे म्हणणे असे, की वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या रकान्याला या गोष्टी शोभतील, पण गणितज्ञाला भुलवील असे त्यांत काही नाही. त्यांच्या सिद्धता अवघडही नाहीत आणि रंजकही नाहीत, फक्त थोड्या कंटाळवाण्या आहेत.

हा आक्षेप वरवरचा नाही. त्याच्या मुळाशी असलेला विचार असा: अंक आणि संख्या या दोन निराळ्या वस्तू आहेत. अंगणात चिंचोक्यांचा ढीग पडला आहे, त्यात अमुक इतके चिंचोके आहेत, ही झाली संख्या. ती संख्या आपण दहाच्या गटांनी मोजतो, कारण हाताला बोटे दहा. त्या मोजण्यातून जी चिन्हे कागदावर उमटतात ते अंक. बारा बोटांचे प्राणी असते तर त्यांनी हाच ढीग बारा-बाराने मोजला असता, आणि आपल्या ६१७४ च्या जागी त्यांच्या कागदावर तीन, सहा, दहा, सहा असे चार अंक उमटले असते. त्या अंकांची उलथापालथ करून वजाबाकी केली तर तीच संख्या परत येत नाही. म्हणजे ६१७४ चा गुण हा त्या ढिगाचा नव्हे, तो आपल्या लिहिण्याच्या रीतीचा. रामानुजनांची १७२९ ही संख्या पाहा. १ चा घन अधिक १२ चा घन, किंवा ९ चा घन अधिक १० चा घन, अशी ती दोन तऱ्हांनी मांडता येते. ही गोष्ट कोणत्याही पद्धतीने लिहा, खरीच राहील. चिंचोक्यांनाही ती लागू आहे. हार्डी यांना मोल होते ते अशा गुणांचे.

आक्षेप मान्य करूनही आम्हांस वाटते की ६१७४ ला त्या चौघांच्या पंगतीत बसवणे न्यायाचे होणार नाही. हार्डी यांच्या नमुन्यांची सिद्धता म्हणजे एकेक संख्या तपासत जाणे. ६१७४ ची सिद्धता तशी नाही. ती येथे देतो. कागदपेन्सिल जवळ असल्यास उत्तम.

चार अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ असे आहेत असे समजू. मोठी संख्या म्हणजे क हजार, ख शे, ग दहम्, घ एकम्. लहान संख्या त्याच्या नेमकी उलट. वजाबाकी करताना क ला १००० ने गुणलेले आहे आणि त्यातून एकंस्थानचा क वजा होतो, म्हणून क च्या वाट्याला ९९९ येतात. घ च्या वाट्याला तितकेच, पण उणे. ख कडे १०० वजा १०, म्हणजे ९०. ग कडे उणे ९०. म्हणून बाकी नेहमी अशी असते: क आणि घ यांतील फरकाची ९९९ पट, अधिक ख आणि ग यांतील फरकाची ९० पट. पहिल्या फरकाला बाहेरचे अंतर म्हणू, दुसऱ्याला आतले अंतर. १९४७ मध्ये बाहेरचे अंतर ९ वजा १ म्हणजे ८, आतले ७ वजा ४ म्हणजे ३. ९९९ ची आठपट ७९९२, ९० ची तिप्पट २७०; बेरीज ८२६२. वर आले होते तेच.

आता गर्दी कशी ओसरते ते पाहावे. बाकी ठरवायला चार अंक लागतच नाहीत, दोन अंतरे पुरतात. बाहेरचे अंतर १ ते ९ असू शकते. आतले अंतर शून्यापासून बाहेरच्या अंतरापर्यंत. त्याहून मोठे होणे शक्य नाही, कारण आतले अंक बाहेरच्यांच्या कह्यात आहेत. बाहेरचे १ असेल तर आतल्याला दोन शक्यता, २ असेल तर तीन, असे करीत ९ ला दहा. दोनपासून दहापर्यंतची बेरीज ५४. म्हणजे ९९९० संख्या दारातून आत शिरल्या, पहिली वजाबाकी झाली, आणि बाहेर पडल्या त्या फक्त ५४.

त्या ५४ चे अंकही ठराविक साच्याचे असतात. आतले अंतर शून्य नसेल तर हजाराच्या जागी बाहेरचे अंतर जसेच्या तसे येते, शतकाच्या जागी आतले अंतर एकाने कमी होऊन, दहंच्या जागी नऊतून आतले अंतर वजा जाता उरेल ते, आणि एकंच्या जागी दहातून बाहेरचे अंतर वजा जाता उरेल ते. ८२६२ वर पडताळून पाहावे. पहिल्या आणि शेवटच्या अंकांची बेरीज नेहमी १०, मधल्या दोघांची नेहमी ८. यामुळे बाहेरचे अंतर ६ असो की ४ असो, अंक तेच मिळतात, फक्त जागा बदलून. आणि पुढच्या पायरीस आपण अंकांची जागा मोडतोच, तेव्हा दोघांची पुढची वाट एकच. आतल्या अंतराचेही तसेच. आतले अंतर शून्य असेल तेव्हा मधे दोन नऊ येतात आणि कडेच्या दोघांची बेरीज ९ होते. हे सारे मोजले की ५४ मधून केवळ ३० निरनिराळे अंकसमूह उरतात. तीस नावे एका पोस्टकार्डावर मावतात.

या तिसांमधून ६१७४ कडे जाणाऱ्या वाटा उलट बाजूने चालत गेल्यास नीट दिसतात. बाहेरचे अंतर ६ आणि आतले २ असेल तर बाकी ६१७४. तिचे अंक उतरत्या क्रमाने ७, ६, ४, १. त्यांचे बाहेरचे अंतर पुन्हा ६, आतले पुन्हा २. म्हणून ती जागची हालत नाही. तिच्याकडे सरळ येणारा दुसरा समूह एकच, ८५३२. बाहेरचे अंतर ४ आणि आतले २ असणारे दोन समूह, ७५३३ आणि ६६४२, हे ४१७६ वर येतात. आणि ४१७६ म्हणजे त्याच चार अंकांची फिरवाफिरव, तेव्हा एक पायरी अधिक. ८५३२ कडे चार समूह येतात: ९७११, ९६२१, ८८२० आणि ८७३०. ६६४२ कडे ९९६३ येतो. ९९६३ कडे ७४४३ आणि ६५५२. ७४४३ कडे ८७२१, आणि त्याच्याकडे ९५३१ व ८६४०. हीच ती लांब वाट जिच्यावरून १९०५ चालत आला. असे मागे मागे जात राहिले की नद्यांच्या नकाशासारखे चित्र उभे राहते: झरे, ओढे, उपनद्या, आणि शेवटी एक संगम. तीसही समूह या नकाशावर सापडतात, कोठेही वर्तुळ होत नाही, आणि सर्वांत लांबच्या झऱ्यापासून सहा पायऱ्या होतात. सुरुवातीची संख्या या तिसांपैकी नसेल तर आणखी एक. म्हणून सात.

अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते यंत्रावाचून होते. गणकयंत्राकडून ९९९० संख्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासून घेता येतील, आणि 'होय, खरे आहे' असे उत्तरही मिळेल. पण ९९९० चे ५४ का होतात आणि ५४ चे ३० का, हे त्या उत्तरात नसेल. हार्डी ज्याला कंटाळवाणे म्हणत होते ते त्या यंत्राचे काम. आपण वर केले ते निराळे, असे आम्ही नम्रपणे म्हणू.

आता चिंचोक्यांच्या आक्षेपाकडे वळू. ६१७४ चा गुण दशमान पद्धतीतला आहे, हे खरेच. पण म्हणून तो दहाचा अपघात ठरत नाही. दहाऐवजी दुसऱ्या एखाद्या पायावर मोजले तर काय होईल, असा प्रश्न केला की एक सुरेख गोष्ट हाती लागते. पाया पाचाच्या पटीत आहे असे समजा: पाच, दहा, पंधरा, वीस, काहीही. त्या पायाचा पाचवा हिस्सा घ्या. बाहेरचे अंतर त्या हिश्शाच्या तिप्पट आणि आतले अंतर एकपट ठेवले तर वजाबाकीतून पुन्हा तीच अंतरे मिळतात. दहाचा पाचवा हिस्सा दोन. त्याची तिप्पट सहा, एकपट दोन. आणि सहा व दोन या अंतरांची संख्या म्हणजेच ६१७४. पाचाच्या पायावर हिस्सा एक, अंतरे तीन आणि एक. तेथली संख्या ३०३२ अशी लिहिली जाते. तेव्हा ६१७४ एकटी नाही. तिचे कुळ आहे, आणि दहाला पाचाने भाग जातो म्हणून ते कुळ आपल्या घरी नांदते.

मात्र स्थिर संख्या असणे वेगळे आणि साऱ्या संख्या तिच्याकडे येणे वेगळे. वीसच्या पायावर स्थिर संख्या आहे, पण तेथे काही संख्या सहा-सहा घरांच्या एका फेऱ्यात सापडतात आणि त्यातून कधीच सुटत नाहीत. मग कोणत्या पायांवर सगळ्यांचा मुक्काम एकच होतो? या प्रश्नाचा निकाल १९७८ साली हेल्मुट हासे आणि प्रिचेट यांनी लावला. पाया ५ असावा, किंवा ५ ला २ ने विषम वेळा गुणून आलेला असावा: १०, ४०, १६० याप्रमाणे. हासे हे विसाव्या शतकातील संख्याशास्त्राच्या अग्रगण्य जर्मन पंडितांपैकी एक. देवळालीच्या मास्तरांचा खेळ अशा माणसाला लेख लिहिण्याजोगा वाटला, याचे हार्डी यांना काय वाटले असते कोण जाणे. ते १९४७ सालीच वारले.

अंकांची संख्या बदलली तर? दोन अंकांत मुक्काम नाही, चक्कर आहे: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. तीन अंकांत मुक्काम आहे, तो ४९५, आणि त्याची सिद्धता आतले अंतर नसल्यामुळे फारच सोपी. घरातल्या शाळकरी मुलाला करावयास द्यावी. पाच अंकांत एकही स्थिर संख्या नाही. तेथे तीन चक्रे आहेत, त्यांतले एक केवळ दोघांचे: ५९९९४ वरून ५३९५५ वर आणि तेथून परत. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या आहेत, शिवाय एक चक्रही आहे, म्हणजे एक राज्य आणि तीन सुभेदार. अंक वाढवीत गेल्यावर कधीतरी ६१७४ सारखी सर्वांना ओढून घेणारी संख्या पुन्हा भेटेल काय? प्रिचेट यांनीच दोन सहकाऱ्यांसह १९८१ साली दाखवून दिले की भेटणार नाही. दशमान पद्धतीत असे मान असलेल्या संख्या दोनच, ४९५ आणि ६१७४.

कापरेकरांनी संख्यांच्या आणखी पुष्कळ जाती शोधल्या आणि त्यांना नावेही मोठी रसाळ दिली. जिला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५. अशा संख्यांना त्यांचेच नाव मिळाले आहे. २९७ आणि ७०३ या त्यांच्या बहिणी. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती 'स्वयंभू', उदाहरणार्थ २०. हिलाच देवळाली संख्या असेही म्हणतात. ६१७४ स्वतः हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की ३४३, म्हणजे ७ चा घन, येतो. शिवाय १८, १८ चा वर्ग आणि १८ चा घन यांची बेरीज केली तर ६१७४ च होते. ३४३ म्हणजे १ अधिक १८ अधिक ३२४, हे लक्षात आले की ही दुसरी गोष्ट पहिलीतच दडलेली दिसते. आणि गंमत अशी, की अठराच्या या वर्ग-घनांच्या बेरजेचे गणित चिंचोक्यांनाही लागू आहे.

मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव गणिताची आवड असलेल्या जगभरच्या वाचकांपर्यंत गेले. तोवर शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली ते वारले. हासे-प्रिचेट यांचा निकाल आणि ४९५ व ६१७४ या दोघींपुढे तिसरी नाही हा निकाल, दोन्ही त्यांच्या हयातीत लागले.